सहावीनंतरची शाळा

अफगाणिस्तानातील मुलींचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक हळहळीचा : "बिचाऱ्या पोरी! काय त्यांचे नशीब!" दुसरा तुच्छतेचा : "तो समाजच तसला. तिथे कोण काय करणार?" यंदा आपल्या वादविवाद मंडळाने हा विषय ठेवला तेव्हा अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन्ही बाजूंच्या वक्त्यांनी हेच दोन सूर आळवले आणि टाळ्याही दोघांना सारख्याच पडल्या. मला मात्र दोन्ही सूर एकाच गैरसमजातून निघालेले वाटतात. तिथला समाज मुलींना शिकू देत नाही, हा तो गैरसमज. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. समाजाला मुली शिकायला हव्या आहेत आणि राज्यकर्त्यांना नको आहेत. हा फरक एकदा ध्यानात आला की तेथे चोरूनमारून शिकवणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते आणि त्यांना मदत कशी करावी याचा विचारही बदलतो.

आधी घडले काय ते थोडक्यात सांगते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल ताब्यात घेतले. त्याच वर्षी सप्टेंबरात माध्यमिक शाळा उघडल्या, पण फक्त मुलांच्या. २३ मार्च २०२२ रोजी मुलींच्याही शाळा उघडणार असे जाहीर झाले. मुली गणवेश घालून, दप्तरे घेऊन शाळेत गेल्या आणि त्याच सकाळी त्यांना घरी परत पाठवण्यात आले. रडत बाहेर पडणाऱ्या त्या मुलींची छायाचित्रे जगभर छापली गेली. २० डिसेंबर २०२२ रोजी विद्यापीठांची दारे बंद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका आणि सुईणी तयार करणाऱ्या संस्थांतूनही मुलींना काढण्यात आले. स्त्रीला तपासायला पुरुष डॉक्टर चालत नाही असे म्हणायचे आणि स्त्रीला सुईणही होऊ द्यायचे नाही, या तर्कशास्त्राला काय म्हणावे? मुलीने सहावीपर्यंत शिकावे आणि पुढे घरात बसावे, असा हा कायदा. सहावीनंतर मुलींना सरसकट शाळाबंदी असलेला हा जगातला एकमेव देश. माध्यमिक शिक्षणाला अशा रीतीने मुकलेल्या मुलींची संख्या युनेस्कोने ऑगस्ट २०२४ मध्ये किमान १४ लाख अशी दिली होती.

पण हा देश असा कायमचाच होता काय? मुळीच नाही. काबूलमध्ये मुलींची पहिली शाळा १९२१ साली निघाली, ती राजा अमानुल्ला आणि राणी सुरैया यांच्या पुढाकाराने. १९२८ मध्ये काही अफगाण मुली तुर्कस्तानात शिकायलाही गेल्या होत्या. पुढे बंड झाले आणि १९२९ मध्ये या जोडप्याला देश सोडावा लागला. त्या वाटेवर ते मुंबईत थांबले असताना राणीला मुलगी झाली आणि तिचे नाव 'इंडिया' ठेवण्यात आले. ही गोष्ट मुंबईकरांनाही फारशी ठाऊक नसते! शाळा बंद झाल्या, पुन्हा उघडल्या, वाढल्या. १९९६ ते २००१ या तालिबानच्या पहिल्या राजवटीत त्या पुन्हा बंद झाल्या. २००१ साली उच्च शिक्षण घेणाऱ्या स्त्रिया सुमारे ५,००० होत्या, २०२१ मध्ये त्या एक लाखाहून अधिक झाल्या होत्या. वीस वर्षांत वीसपट! ज्या समाजाला मुलींचे शिक्षण नकोच असते तेथे असे होते काय?

आपल्याकडे अशा वेळी सावित्रीबाईंचे नाव घेण्याची प्रथा आहे. ३ जानेवारीच्या भाषणांत तर 'काबूलच्या सावित्री' हा शब्दप्रयोग मी दोन वर्षे सलग ऐकला. तुलना वाईट नाही, पण अर्धीच खरी आहे. १८४८ मध्ये भिडे वाड्यात शाळा निघाली तेव्हा शेणमाती फेकणारे लोक आपलेच होते. जोतीरावांना घराबाहेर काढणारे त्यांचे वडील होते, आणि सरकारने मात्र १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा सत्कार केला. समाज विरुद्ध आणि सरकार निदान विरुद्ध नाही, अशी ती स्थिती होती. काबूल-कंदाहारमध्ये आज याच्या नेमके उलटे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दहापैकी नऊहून अधिक अफगाण प्रौढांनी मुलींनी पुढे शिकले पाहिजे असे सांगितले. त्यात खेड्यातले लोक होते आणि पुरुषही होते. म्हणजे तेथे मुलीला मागच्या दाराने वर्गात पोचवणारा बाप हा अपवाद नाही. तो बहुमतात आहे. फक्त बंदूक त्याच्याकडे नाही.

धर्माचे म्हणाल तर बंदीचे समर्थन धर्माच्या नावाने होते खरे. पण विद्यापीठबंदी जाहीर झाल्यावर इजिप्तमधील अल-अझहरच्या प्रमुख इमामांनीच ती शरियतविरुद्ध आहे असे सांगितले. खुद्द तालिबान सरकारातील उपपरराष्ट्रमंत्री शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई यांनी जानेवारी २०२५ मध्ये जाहीर सभेत या बंदीला काही आधार नाही असे म्हटले. त्यानंतर लवकरच ते देशाबाहेर गेल्याचे वृत्त आले. हे गृहस्थ १९८२ च्या सुमारास आपल्या डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनीत शिकले होते. तेव्हा 'तो धर्मच तसा' म्हणून हात झटकणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे.

आता स्वयंसेवकांकडे वळते. तालिबानच्या पहिल्या राजवटीत हेरात शहरात बायकांचा एक शिवणवर्ग चालत असे. आठवड्यातून तीनदा बायका पिशवीत कापड, कात्री, दोरे घेऊन एका घरी जात. शिवण शिकायला कायद्याची आडकाठी नव्हती. पिशवीच्या तळाशी वही आणि पेन असे. घर होते मुहम्मद अली रहयाब या साहित्याच्या प्राध्यापकांचे, आणि तेथे शिवणाऐवजी साहित्य शिकवले जाई. मुले बाहेर खेळत आणि पहारा करत. धर्मरक्षक पोलिस येताना दिसले की आत खबर जाई, वह्या गडप होत आणि हातात भरतकाम येई. या वर्गात येणारी नादिया अंजुमन पुढे कवयित्री म्हणून नावारूपाला आली. तालिबान गेल्यावर ती विद्यापीठात शिकली, २००५ मध्ये तिचा संग्रह निघाला आणि त्याच वर्षी नवऱ्याच्या मारहाणीनंतर ती मरण पावली. पंचविशी जेमतेम गाठलेली! शाळा उघडली की सारे प्रश्न सुटतात असे मानणाऱ्यांना हे ठाऊक असावे, म्हणून लिहिले.

त्याच काळात साकिना याकूबी यांची संस्था घराघरांतून ८० गुप्त शाळा चालवीत होती आणि त्यांत ३,००० मुली शिकत होत्या. याकूबीबाई हेरातच्याच. अमेरिकेत शिकून, नोकरी करून त्या परतल्या आणि पेशावरच्या निर्वासित छावण्यांत त्यांनी कामाला सुरुवात केली. त्यांची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. त्या आपण होऊन कुठे शाळा लादत नसत. वस्तीने मागणी करावी, जागा वस्तीने द्यावी, राखणही वस्तीने करावी. मग शिक्षिका, पुस्तके आणि प्रशिक्षण संस्थेने पुरवावे. वर्ग गुप्त राहिले ते यामुळेच. जी शाळा साऱ्या गल्लीची असते तिची चुगली गल्लीतला माणूस सहसा करत नाही.

मतीउल्ला वेसा हे कंदाहारचे पश्तून. आपल्या वर्तमानपत्रांत कंदाहार म्हणजे तालिबान एवढेच समीकरण असते, म्हणून मुद्दाम सांगते. त्यांनी २००९ मध्ये 'पेन पाथ' ही संस्था काढली. मोटारसायकलवर पुस्तके लादून खेडोपाडी जायचे, मुलांना वाचायला द्यायची, जिरगेवाल्या वडीलधाऱ्यांना बसवून मुलींच्या शाळेविषयी बोलायचे आणि त्यांच्याकडूनच मागणी वदवून घ्यायची, असा त्यांचा क्रम. त्यांच्या स्वयंसेवकांत पुरुष पुष्कळ. २७ मार्च २०२३ रोजी काबूलमध्ये नमाज आटोपून मशिदीबाहेर पडताना त्यांना अटक झाली. सुटका व्हायला ऑक्टोबर उजाडला. इस्माईल मशाल हे पत्रकारितेचे प्राध्यापक. विद्यापीठबंदीनंतर त्यांनी दूरचित्रवाणीच्या थेट कार्यक्रमात स्वतःची पदवीपत्रे फाडली आणि मग हातगाडीवर पुस्तके लादून ते काबूलच्या रस्त्यावर फुकट वाटत फिरू लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनाही पकडले, मार्चमध्ये सोडले. आडनावच मशाल!

ही दोन नावे जगाला कळली कारण ती उघड्यावर काम करत होती. ज्यांची नावे कळत नाहीत अशा शिक्षिका किती असतील याची मोजदाद होऊ शकत नाही आणि होऊही नये. 'सोला' या मुलींच्या निवासी शाळेच्या संस्थापिका शबाना बसीज-रसिख यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये शाळा रवांडाला हलवण्यापूर्वी विद्यार्थिनींच्या साऱ्या नोंदी जाळून टाकल्या. मुलींची नावे कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून. लहानपणी त्या स्वतः मुलाचा वेष घालून चोरून शाळेत गेल्या होत्या, त्यामुळे यादीत नाव सापडणे म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होते. आपल्याकडे ७५ टक्के हजेरीसाठी आपण कार्यालयाच्या खिडकीशी काय काय नाटके करतो ते आठवावे! 'हजेरी' हा शब्द तिकडेही तोच आहे. कागद, दवात, शागीर्द हेही. फारसीने दिलेले हे शब्द आपण इतके आपले केले आहेत की ते कुठून आले हेही विसरलो.

मी स्वतः गेल्या जूनपासून एका संस्थेमार्फत आठवड्यातून दोनदा अफगाण मुलींना इंग्रजी शिकवते. हे सांगणे मला फारसे आवडत नाही, पण ऐकीव माहितीवर मत देते असे कुणी म्हणू नये म्हणून सांगितले. मुली तेरा ते सतरा वयाच्या. पटावर चौदा. त्यांची खरी नावे मला माहीत नाहीत, गाव माहीत नाही आणि विचारायचे नाही असा नियम आहे. पडद्यावर नावाऐवजी अक्षर असते नाहीतर फुलाचे चित्र. कॅमेरा बंद. आपल्याकडे सायंकाळचे सहा वाजतात तेव्हा तेथे पाच वाजलेले असतात. निम्म्या वेळा कुणाची तरी वीज गेलेली असते, म्हणून पाठ बोलून ध्वनिमुद्रित करून ठेवावा लागतो. आवाजाची फाईल लहान असते, स्वस्तात उतरते. मागे भांडी घासल्याचा, लहान भावंड रडल्याचा आवाज येतो. एक मुलगी नेहमी कुजबुजत्या स्वरात उत्तर देते. का, ते मी विचारत नाही.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस तालिबान सरकारने देशभरचे इंटरनेट आणि दूरध्वनी जवळजवळ दोन दिवस तोडले. मंगळवारी, ३० सप्टेंबरला, वर्गाच्या वेळी पडद्यावर मी एकटीच होते. जोडणी परत आल्यावर शनिवारी चौदापैकी अकराजणी आल्या आणि पहिला प्रश्न होता, मंगळवारचा पाठ केव्हा घेणार? आपल्याकडे तास बुडाला की कट्टा भरतो. असो.

या कामावर घेतला जाणारा सर्वांत व्यवहारी आक्षेप असा, की या शिकण्याचा उपयोग काय? दहावीचे प्रमाणपत्र नाही, बारावीचे नाही, नोकरी नाही. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रमाणपत्राला किंमत नसते असे ज्याच्याकडे ते आहे त्यानेच म्हणावे. मशाल सरांना ते फाडता आले कारण ते त्यांच्याकडे होते. माझ्या वर्गातल्या मुलींना ते हवे आहे आणि त्यांचे काही चुकत नाही. 'युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल' या अमेरिकेतील दूरस्थ विद्यापीठाने अफगाण स्त्रियांना शिष्यवृत्त्या दिल्या, आपल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेनेही दूरस्थ अभ्यासक्रमांसाठी दिल्या. ज्यांची बारावी २०२१ पूर्वी झाली होती त्यांना त्यांचा उपयोग झाला. पण ज्या तेव्हा सहावीत होत्या त्यांचे काय? त्यांच्यासाठी आज हातात आहे ती एकच गोष्ट : अभ्यासाची सवय मोडू न देणे. चार वर्षे पुस्तक हातात न धरलेली मुलगी शाळा उघडली तरी सहजी वर्गात बसत नाही, तोवर तिचे लग्नही झालेले असते. आणि घरात 'हिचा मंगळवारी वर्ग असतो' एवढे एक वाक्य असले, तरी आई-बापांना लग्न वर्षभर पुढे ढकलायला कारण मिळते. हे मला तेथून बाहेर पडलेल्या एका शिक्षिकेने सांगितले. पुष्कळशा व्याख्यानांपेक्षा ते मला पटले.

दुसरा आक्षेप विचारवंतांचा. स्वयंसेवक ठिगळे लावत बसतात आणि त्यामुळे सरकारांवरचा दबाव कमी होतो, असा. यात थोडे तथ्य आहे. मोबाईलवर इंग्रजी शिकवता येते, पण प्रयोगशाळा आणि सूतिकागृह मोबाईलवर उभे राहत नाही. आमच्या वर्गाला शाळा म्हणणे हा शाळेचा अपमान आहे. परंतु दबाव आणणारी सरकारे तरी काय करत आहेत? ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी दिल्लीस आले. पहिल्या पत्रकार परिषदेला महिला पत्रकारांना बोलावले नाही म्हणून गदारोळ झाला, दोन दिवसांनी त्यांना बोलावून दुसरी परिषद घ्यावी लागली. ओरड झाली ते योग्यच झाले. तेथे मुलींच्या शिक्षणाविषयी प्रश्न आला तेव्हा ते हराम ठरवलेले नाही, पुढील आदेशापर्यंत थांबवले आहे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. पुढील आदेश! २०२२ च्या मार्चमध्येही मुलींना पुढील आदेशाचीच वाट पाहायला सांगितले होते. आपल्या सरकारने त्याच भेटीत काबूलमधील कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याचे जाहीर केले. परराष्ट्रधोरणात भावनेला जागा नसते हे मला मान्य आहे. मात्र एक मागणी तरी आपण करू शकतो. अफगाण विद्यार्थी पुण्याला परके नाहीत. सावित्रीबाईंचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात आणि शहरातल्या महाविद्यालयांत त्यांनी वर्षानुवर्षे पदव्या घेतल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये आपण आधी दिलेले सारे व्हिसा रद्द केले आणि सुट्टीत घरी गेलेले कितीतरी विद्यार्थी तिकडेच अडकले. मुलगे निदान तिथल्या विद्यापीठात जाऊ शकले. मुलींना तेही नाही. ज्या मुलीकडे भारतीय विद्यापीठाचा प्रवेश आहे तिला व्हिसा द्या, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरायला हवी होती. आमच्या संघटना त्या वेळी कशात गुंतल्या होत्या हे मी लिहीत नाही, सर्वांना आठवत असेल.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नसून मोहाची आहे. अशा कामाचे छायाचित्र फार सुंदर येते. आमच्या गटात आलेल्या एका उत्साही विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात विचारले, की वर्गाचे पडदाचित्र काढून समाजमाध्यमावर टाकू का, म्हणजे 'जागृती' होईल. जागृती होईल हे खरे, पण ती नेमकी कुणाची होईल? गुप्त वर्ग उघडकीस येऊन बंद पडल्याच्या, शिक्षिकांना धमकावल्याच्या बातम्या येतच असतात. ज्या कामात टाळी मिळाल्याने दुसऱ्याचा जीव धोक्यात येतो ते काम टाळीवाचूनच केले पाहिजे. या लेखाखाली माझे नाव नाही ते याचसाठी, आणि संपादक मंडळाने ते मान्य केले याबद्दल मी आभारी आहे.

आणि आपण तेथे उद्धार करायला जात नाही, हे पुन्हा सांगते. ८ मार्च २०२१ रोजी काबूलमध्ये अफगाण स्त्रियांनी 'बेगम' नावाचे रेडिओ केंद्र सुरू केले. शाळा बंद झाल्यावर त्यांनी त्यावरून शालेय पाठ देणे सुरू केले. पुढे ८ मार्च २०२४ ला पॅरिसहून उपग्रहामार्फत दूरचित्रवाणीही आली, सातवी ते बारावीचे धडे दरी आणि पश्तू भाषांत. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेडिओवर धाड पडली, प्रक्षेपण थांबवले गेले, त्याच महिन्यात पुन्हा परवानगी मिळाली. रेडिओला इंटरनेट लागत नाही आणि कोण ऐकते आहे याची यादीही होत नाही. या बायांना आपल्या उपदेशाची गरज आहे काय? त्यांना हवी आहेत ती कंटाळवाणी कामे करणारी माणसे : उत्तरपत्रिका तपासणारी, पाठ वेळेवर तयार करून पाठवणारी, दर मंगळवारी ठरल्या वेळी हजर असणारी. वक्ते नकोत. चार महिन्यांत उत्साह संपणारे तर नकोतच, कारण दर वेळी नवा आवाज ओळखीचा करून घेणे त्या मुलींना जड जाते.

सध्या आमच्या गटाला इंग्रजीला माणसे आहेत, चित्रकलेलाही आहेत. अडले आहे ते गणितावाचून. आपले हे कला महाविद्यालय. बीजगणित म्हटले की आपण सगळे खिडकीबाहेर पाहतो. पण दहावीपर्यंतचे बीजगणित आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी उत्तीर्ण केलेलेच आहे. आठवी-नववीची समीकरणे सोप्या इंग्रजीतून किंवा हिंदीतून समजावू शकेल, आणि निदान एक वर्ष टिकेल, असे कुणी असल्यास ग्रंथालयात चौकशी करावी. वेळ बुधवार आणि रविवार, आपल्या घड्याळाप्रमाणे सायंकाळी सहा ते सात.